क्रेनवालीचा रिपोर्ट

क्रेनवालीने शिडीला हात घातला आणि मुकादम आडवा आला.

"रिपोर्ट आला का?" त्याने विचारलं.

रिपोर्ट आला नव्हता. तिच्या आतड्याचा तुकडा तपासायला जाऊन महिना होत आला, तरी इस्पितळवाले आज देतो, उद्या देतो करत होते. पण तुकडा काढून झाला त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं की रक्तात जे दिसतंय त्यावरून आजार बहुधा गव्हाचाच आहे, आतड्याला गहू सोसत नाही. पक्कं कळेल तेव्हा कळेल, तोवर गहू बंद. आणि आज सकाळी साइटच्या डॉक्टरने तिचं रक्त, दाब, नजर सगळं बघून तिला क्रेनवर बसायला मोकळी केली होती. मुकादमाला फोन करून तसं कळवलंही होतं.

तरी तो हलेना. त्यालाही कारण होतं. मागे ती वर केबिनमध्ये चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला दोरांनी खाली उतरवताना सगळ्यांत पुढे तोच उभा होता. त्या दिवसापासून त्याने तिला गोदामात बसवली होती, खिळ्यांच्या पेट्या मोजायला.

इकडे छपराची शेवटची तुळई सकाळपासून जमिनीवर पडून होती. बदली ऑपरेटरने ती दोनदा उचलली आणि दोनदा परत खाली ठेवली. नेमकी खाचेत बसवणं आपल्याला जमायचं नाही, असं त्याने सरळ कबूल केलं होतं. वारा अजून बेताचा होता, दुपारनंतर वाढणार होता. वर छपरावर चार जोडारी पट्टे बांधून ताटकळत बसले होते.

"रिपोर्ट आतड्याचा यायचाय, दादा," ती म्हणाली. "हातांचा नाही."

मुकादमाने तिच्याकडे नीट पाहिलं. गालांवर रंग आला होता. मग तो बाजूला झाला.

तो रंग सुखासुखी आलेला नव्हता. गहू बंद झाला त्या पहिल्या दिवशी आई रुसून बसली होती. माझ्या हातचं खाऊन लहानाची मोठी झालीस आणि आता तेच विष झालं का, म्हणत तिने दिवसभर अबोला धरला. दुसऱ्या दिवशी तिनेच पिठाचा डबा उचलून शेजारणीकडे नेऊन दिला, ओटा घासून काढला, लाटणंसुद्धा माळ्यावर टाकलं. साइटवर तर सगळ्यांना विषयच मिळाला. कुणी म्हणे नखरे आहेत, कुणी म्हणे बारीक व्हायचं खूळ आहे. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक फिरला तेव्हा तिने हात मागे घेतला, तर बदली ऑपरेटर म्हणाला, एवढ्याशा तुकड्याने काय मरणार आहेस? ती मरणार नव्हती, पण कँटीनच्या सूपमध्ये दाटपणासाठी घातलेला चमचाभर मैदा निघाला होता, तेव्हा दोन दिवस अंथरुणाला खिळली होती. त्यानंतर ती कँटीनच्या बाईला प्रत्येक पातेल्यात काय काय पडलंय ते विचारू लागली. बाई आधी वैतागली. पुढे मात्र ती हिला लांबूनच बोटाने खुणावायची, हे खा, ते नको.

शिडी चढताना ती मनातून धास्तावलेली होती. पूर्वी प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागे. पायांत गोळे यायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि खालच्यांना कळू नये म्हणून ती उगीचच हातमोजे नीट करत उभी राहायची. आज पहिला टप्पा आला, गेला. दुसरा आला, तिथेही थांबावंसं वाटेना. पुढचे टप्पे तिने मोजलेच नाहीत. केबिनचं दार उघडून ती खुर्चीत बसली, तेव्हा तिला दम लागला होता, पण तो चढण चढलेल्या माणसाचा दम होता, आजारी माणसाचा नव्हे.

तिने दांडे हातात घेतले. रिकामा हुक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिला. मग हुक अलगद खाली सोडला.

तुळई उचलली गेली तशी खालची कुजबुज थांबली. अर्ध्या उंचीवर वाऱ्याने तिला हलकी गिरकी दिली. क्रेनवाली घाई न करता थांबली. तुळई स्वतःशीच डोलून शांत झाली, तेव्हा तिने ती छपरावर नेली आणि जोडाऱ्यांच्या हाताशी, खाचेच्या वीतभर वर धरून ठेवली. वायरलेसवर जोडारी सांगत गेला, जरा पुढे, जरा खाली. एवढी लोखंडाची राक्षसीण, पण खाचेत बसताना टक् एवढाच आवाज झाला.

खाली कुणीतरी शिट्टी मारली. मग सगळेच टाळ्या पिटायला लागले. त्यात बदली ऑपरेटरही होता, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. जोडाऱ्यांनी बोल्ट आवळले, हुक सोडवला. तिने तो वर ओढून घेतला आणि दांडे सोडले.

तेव्हा पोटात काहीतरी हललं. ती दचकली. पुढे काय होतं ते तिला पाठ होतं. आधी कळ, मग घाम, मग जीव मुठीत धरून शिडी उतरणं. त्या भीतीने कित्येक वर्षं वर येण्याआधी तिने नुसत्या चहावर भागवलं होतं. श्वास रोखून ती वाट पाहत राहिली. कळ आली नाही. जे आलं ते ओळखायला तिला जरा वेळ लागला.

वायरलेस खरखरला. "काय गं, बरी आहेस ना?" मुकादम विचारत होता. "गप्प का बसलीस? कुणाला पाठवू का वर?"

निघताना आईने जॅकेटच्या खिशात उकडलेला बटाटा कोंबला होता, मिठाच्या पुडीसकट. तो बाहेर काढून ती सोलू लागली.

"कुणी नको, दादा," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."