राखेतला गोळा

"हे हाड नाय, साहेब," म्हणत स्मशानातल्या माणसाने राखेतून निघालेला पांढरा, गुळगुळीत गोळा त्याच्या हातावर ठेवला.

आईच्या अस्थी सावडायला आलेला तो चरकला. लेझरच्या झोतात सिरॅमिकची वाफ करून धुरासारखी बारीक पावडर मिळवायची आणि तिच्यातून खुब्याचा हा गोळा घडवायचा, हे तर त्याचंच संशोधन! पण आईने ऑपरेशनमध्ये साधा स्टीलचा बसवल्याचं सांगितलं होतं.

त्याने अंगठ्याने राख पुसली. गोळ्यावर नंबर कोरलेला होता : एक.

म्हणजे चाचणीतल्या पहिल्या रुग्णाला बसवलेला गोळा. चाचणीला कुणी तयार होत नव्हतं, तेव्हा एका बाईने आपणहून नाव दिलं होतं. ते नाव नियमाप्रमाणे त्याच्यापासूनही गुप्त होतं. चार वर्षं दर तपासणीत तिचा एकच जबाब यायचा : 'चालताना अजिबात दुखत नाही.' त्याच भरवशावर येत्या सोमवारपासून दोनशे जणांना हा गोळा बसणार होता.

आणि घरात आई भिंत धरून चालायची. त्याने काळजीने विचारलं, की हसून म्हणायची, "वय झालं रे. तू तुझ्या प्रयोगाचं सांग."