रडीचा डाव

पार्किंगमध्ये विश्राम विटेच्या तुकड्याने ठिकरीचे चौकोन आखत होता. सहा वर्षांची रेवा शेजारी शहाण्यासारखी उभी होती.

“मला येतं हे, बाबा. परवाच टोपीने झोपेत शिकवलं. आमच्या सगळ्या वर्गाला.”

“मग खेळू की!”

“येतं ना? मग कशाला खेळायचं?”

विश्रामने ठिकरी टाकली, लंगडी घालत गेला आणि मुद्दाम रेषेवर पाय दिला. “नाही लागला!” तो ओरडला. त्याच्या लहानपणी एवढ्यावरून अख्खी गल्ली भांडायला उठायची. आता रेवानेही ओरडावं, ‘रडीचा डाव खडी’ म्हणून चिडवावं, म्हणून तो एका पायावर वाट बघत राहिला.

रेवाने हलकेच त्याचा हात धरला.

“लागला, बाबा. तुला कुणी नीट शिकवलेलंच नाही. आज रात्री माझी टोपी घालून झोप.”