मधला बिंदू

"सव्वा मिलिमीटर," दामाजी म्हणाला आणि त्याने प्रेसच्या जबड्यावरून हात काढला.

"अर्धा, दामाजीकाका," मालू म्हणाली. "कॉम्प्युटरने सांगितलंय."

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात शंभर टनी प्रेसची चौकट उभी होती, मोठ्ठा आ वासलेली. दाब दिला की तो जबडा आणखी उघडणार. एक मिलिमीटरपर्यंत उघडला तर माल पास, पुढे गेला तर भंगार. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर चार वाजता यायचा होता. कॉम्प्युटरच्या भरवशावर चौकटीच्या प्लेटा पातळ करायला लावल्या होत्या त्या डिझाइन करणाऱ्या मालूनेच, मालक काळुरामशेठना छातीठोक शब्द देऊन. आणि दामाजी फिटर असा, की बाळकुमच्या खाडीत होडी कलली तर किती इंच ते इथे बसून सांगेल, असं लोक म्हणायचे. त्यातून निम्म्याहून जास्त वेळा ते स्वतः दामाजीच म्हणायचा.

"काय गो बाय, तुझा तो डबा मोजतो तरी कसा?"

"चौकटीचे हजार त्रिकोण करतो. कोपरे किती सरकले ते काढतो. मधलं सगळं कोपऱ्यांवरून."

"मधलं कसं?"

"सरळ रेघेत."

दामाजीने हॅक्सॉचं ब्लेड उचललं आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून वाकवलं. "टोकं माझ्या हातात हायत. आता सांग, टोकांवरनं याचं पोट किती सुटलं ते कलतं का?"

मालू ब्लेडवर झुकली. टोकाला टोक सरळ जोडलं तर पोट नाहीच! तिने एकाही त्रिकोणाच्या बाजूला वाकायची मुभा दिली नव्हती. हजार ताठ तुकड्यांची चौकट कागदावर ताठच राहणार. तिने ब्लेडच्या मध्यावर बोट टेकवलं. "इथे आणखी एक बिंदू हवा."

"मंग आता धाव!"

प्रत्येक बाजूच्या मध्यावर तिने एकेक बिंदू बसवला. तीन बिंदूंतून रेघेला वळता येतं. कॉम्प्युटर घोंघावत बसला. तेवढ्या वेळात कारखान्यात दोनदा चहा झाला, एक युनियन निघाली आणि फुटलीसुद्धा. मग उत्तर आलं. एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.

कागद घेऊन ती थेट काळुरामशेठपुढे उभी राहिली. "शेठ, जबडा नापास होणार. तोंडाशी वरचा-खालचा जबडा बांधून धरणारे दोन जाड टाय रॉड बसवा, चारच्या आत."

"म्हणजे तुझा कॉम्प्युटर चुकला?"

"मी चुकले. सरळ रेघ त्याला मीच दिली होती."

शेठने तिच्याकडे एकदा आणि घड्याळाकडे दोनदा पाहिलं. "बसवा. मग किती उघडेल?"

"आठ दशांश. हाताने काढलंय."

"सात," मागून दामाजी म्हणाला. त्याने खडूने चौकटीवर सात लिहिले. मालूने खडू हिसकावून शेजारी आठ लिहिले.

पावणेचारला शेवटचा नट आवळला. चारला डायल गेज लागला, दाब चढू लागला. लेथवरचे लोक लेथ बंद करून आले. काटा सातच्या पुढे गेला, थरथरला, आणि आठला न शिवता थांबला.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाला. मग त्याचं लक्ष खडूकडे गेलं. "हे कोणी सांगितलं होतं आधी?"

मालूने दामाजीकडे बोट केलं. दामाजीने मालूकडे.