शेवटचं पान

शनिवारी शेवटच्या तासाला कुणीतरी वाचनालयातल्या पुस्तकाबद्दल वर्गाला सांगायचं आणि ज्याला ते वाचावंसं वाटेल त्यानं हात वर करायचा, अशी बाईंची पद्धत होती. देवयानी हावभाव करून अख्खी गोष्ट सांगायची, अगदी शेवटासकट. टाळ्या कडकडून पडायच्या, पण हात एकही वर होत नसे.

आणि ही तस्लीम! वेणीशी चाळा करत हळू आवाजात अर्धीच गोष्ट सांगायची, की सगळा वर्ग हात वर करून "मला, मला" करायचा. देवयानीच्या पोटात नुसतं दुखायचं.

आज तस्लीमच्या हातात एका म्हाताऱ्या कोळ्याचं पुस्तक होतं. "त्यानं स्वतः बांधलेली होडी गावात सगळ्यांत देखणी होती. आणि एक दिवस..." एवढ्यावर ती थांबली. हात वर होणार, तोच देवयानी ओरडली, "शेवटी तो स्वतःच ती होडी जाळतो!"

वर्ग हिरमुसला. बाईंनी डोळे वटारले. देवयानीला मात्र गार गार वाटलं.

"हो, जाळतो," तस्लीम शांतपणे म्हणाली. "पण का जाळतो, तेही सांग ना."

सगळे देवयानीकडे बघू लागले. मधल्या सुट्टीत तस्लीम पाणी प्यायला गेली, तेव्हा तिच्या बाकावरचं पुस्तक उघडून देवयानीनं घाईघाईत फक्त शेवटचं पान वाचलं होतं.

भराभर हात वर झाले. बाई नंबर लावू लागल्या. सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून, देवयानीनंही हात वर केला. होडी का जाळली, हे वर्गात तिलाच सगळ्यांत शेवटी कळणार होतं.