इसरूचा दगड

संग्रहालयाच्या काचेआडही मंगलीबाईने नवऱ्याच्या नावाने उभारलेला दगड लगेच ओळखला. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या सरांनी तो जपायला म्हणून भामरागडच्या जंगलातून इथे आणला होता.

“पाटीवर काय लिवून हाय?” तिने नातीला विचारलं.

दुर्गाने वाचलं, “तीनशे वर्षांपूर्वीच्या अज्ञात योद्ध्याची शिळा.” खाली ‘शोध लावणारे’ म्हणून त्याच सरांचं नाव होतं.

“अन् तुह्या आज्याचं नाव?”

“नाई.”

मंगलीबाईने काचेवर हात टेकवला. पाच-सहा वर्षांमागे तिचा नवरा इसरू गेला, तेव्हा रीतीप्रमाणे घरच्या माणसांनीच हा दगड नाल्यातून खांद्यावर वाहून आणला होता. चौथा खांदा मिळेना, तेव्हा सर पुढे झाले होते.

“मी घरचाच आहे ना, बाई?” म्हणाले होते.