जाहिरातींनंतर बातम्या

“शोधमोहिमेची ताजी बातमी ऐकूया, या छोट्याशा विश्रांतीनंतर,” असं रेडिओवरचा गॅव्हिन म्हणाला आणि लगेच कुणीतरी सोफे विकायला लागलं.

नुआलानं टेबलावर मूठ आपटली. सोफ्यांमागून गालिचे आले. गालिच्यांमागून टायर आले. मग नाताळची टर्की आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर पस्तावाल, असं एक खाटीक गाणं म्हणून सांगू लागला. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर गॅव्हिननं सांगितलं ते इतकंच, की नवीन काही कळलेलं नाही. आणि पुन्हा सोफे.

तिचा एकुलता एक लेक फिन्टन काल शेवंडीचे पिंजरे उचलायला गेला, तो परतलाच नव्हता. सकाळी त्याची होडी उलटी तरंगताना सापडली. दुपारी मात्र तिच्या दिराला, पॉड्रिगला, बेटापलीकडच्या खडकांवर काहीतरी लाल हलताना दिसलं, आणि फिन्टनचं जाकीट लाल होतं. तेवढ्यात धुकं उतरलं. हेलिकॉप्टर माघारी गेलं. बंदरातल्या होड्या तेवढ्या तिथं घिरट्या घालत राहिल्या. भरतीला ते खडक पाण्याखाली जातात, हे नुआलाला कुणी सांगायची गरज नव्हती.

“वहिनी, पोराला घेतल्याशिवाय एकही होडी परत येणार नाही,” पॉड्रिग डिझेल भरायला आला तेव्हा म्हणाला होता. “माझा शब्द आहे.”

त्या शब्दावर ती तग धरून होती. शेजारणी हॅमची सँडविचं आणि घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या, तेव्हा तिनं त्यांना दारातूनच पिटाळलं. “कुणी मेलेलं नाही इथं! सँडविचं कसली आणता?” आता घरात ती होती, निवलेली किटली होती आणि तो मेला रेडिओ. बंद करावा तर बातमी चुकेल. चालू ठेवावा तर डोक्याचा भुगा. टर्कीवाला पाचव्यांदा गायला लागला तेव्हा तिनं फोन उचलला.

“अरे, माझा पोरगा समुद्रात आहे, आणि तू गालिचे विकतोस? लाज नाही वाटत?”

गॅव्हिन डब्लिनचा. म्हातारा मार्टिन निवृत्त झाला म्हणून गेल्याच आठवड्यात त्याच्या जागी आलेला. तो गडबडला. “बाई, मला खरंच वाईट वाटतं. पण जाहिराती मी नाही ठरवत. त्यांच्यावरच तर आमचं सगळं—”

“आई आहे तुला?”

“आहे.”

“मग तिची शपथ. बंद कर ती कटकट. तुझ्या पाया पडते रे, मला बातम्या ऐकू दे. बाकी काही नको.”

“बरं,” तो म्हणाला. “मालकांनी हाकललं तरी चालेल. तुम्ही रडू नका.”

खाटकाचं गाणं अर्ध्यात तुटलं. रेडिओवर एकटंच फिडल वाजू लागलं, संथ, कुणाच्या वाटेला न जाणारं. नुआला मटकन खुर्चीत बसली. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा तिला कुणी माणूस भेटला होता. नोकरीची पर्वा न करता त्या परक्या पोरानं तिचं ऐकलं, म्हणून तिनं त्याच्यासाठी चार शब्द प्रार्थनेचे पुटपुटले. मग पुन्हा फिन्टनसाठी. समोरच्या घरांचे पडदे एकेक करून ओढले जात होते. अंधारूनच यायला लागलं होतं, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

आणि मग तिला इंजिनांचा आवाज आला.

ती खिडकीशी धावली. धुक्यातून एक दिवा आला, दुसरा आला, मग सगळे. सगळ्या होड्या परत येत होत्या! पॉड्रिगचा शब्द कधी खोटा झाला नव्हता. तिनं पलंगावरची रजई ओढली, फिन्टनचे लोकरीचे मोजे घेतले, पायात काय घातलं हेही न बघता उताराच्या रस्त्यानं धक्क्याकडं पळत सुटली. हसत होती, रडत होती, वाटेत जो भेटेल त्याला “सापडला, सापडला” म्हणून सांगत होती. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, ती तिला देवाचे आभार वाटली.

पॉड्रिगची होडी सगळ्यांत आधी धक्क्याला लागली. तिनं आत वाकून पाहिलं. दोरखंड होते, एक बादली होती. दुसऱ्या होडीतही कुणी नव्हतं.

“कुठाय?” तिनं विचारलं. “गारठला असेल रे. कुणाच्या होडीत आहे?”

पॉड्रिगनं टोपी काढून हातात धरली. त्याच्या मागं सगळ्यांनीच काढल्या. तिच्या हातातली रजई पाहून त्याचा चेहरा गोंधळला.

“आमच्याकडं नाही, वहिनी. आम्हाला वाटलं, किनाऱ्यावरच्या लोकांना मिळाला.” तो अडखळला. “रेडिओवरच्या जाहिराती थांबल्या ना. प्रेत हाती लागलं की मार्टिन आधी जाहिराती थांबवायचा, नाव मागाहून घ्यायचा. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कशासाठी त्या कधी थांबल्यात? होडीतल्या रेडिओवर ते ऐकलं आणि सगळ्यांनी होड्या माघारी वळवल्या.”

पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलं होतं. बेटाच्या दिशेला आता एकही दिवा नव्हता.

“मी थांबवल्या,” नुआला म्हणाली. “मीच थांबवल्या त्या.”