चाकांतली हवा

किनाऱ्यावर मिथिलाच्या गाडीभोवती फोटोसाठी झुंबड उडाली, तशी शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंगारातल्या मोटारींचा पत्रा सोलून वाळूवर शर्यत लावायची कल्पना मुळात तिची. आणि कौतुक कोणाचं, तर धाकट्या आत्तेबहिणीचं, का तर बाईसाहेबांनी गाडीला पिवळाधमक रंग फासलाय.

सगळे चहाला वळल्यावर शर्वाणीने पिवळ्या गाडीच्या चारही चाकांतली निम्मी हवा सोडून दिली. स्वतःची चाकं मात्र पंप मारून टम्म फुगवली. आता पळव म्हणावं.

शिट्टी झाली. शर्वाणीची टणक चाकं वाळू उकरत तिथल्या तिथे रुतली. मिथिलाची मऊ चाकं वाळूवर पसरली आणि गाडी पार दुसऱ्या टोकापर्यंत तरंगत गेली.

बक्षिसाचे पेढे घेऊन मिथिला धावत आली ती थेट गळ्यातच पडली. "तायडे, हवा सोडताना दिसलीस मला. म्हटलं, हिला काहीतरी ठाऊक असणार. सगळ्यांना सांगितलंय मी, युक्ती तुझीच."

शर्वाणी कसंनुसं हसली.

"पण मग," तिच्या तोंडात पेढा कोंबत मिथिलाने विचारलं, "स्वतःच्या चाकांतली का नाही गं सोडलीस?"